थंडी, शेगडी आणि फाटकावरची खोली

'कारखान्यातले अनुभव लिहा, पण मुलांना समजतील असे,' असा निरोप संपादक बाईंकडून आला. मी याच शाळेचा जुना विद्यार्थी. १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षे मालनपूरच्या एका कारखान्यात नोकरी केली. आधी देखभाल विभागात आणि नंतर सुरक्षा अधिकारी म्हणून. यंत्रांच्या गोष्टी सांगत बसलो तर मुले पान उलटतील, पालक तर त्यांच्याही आधी उलटतील. म्हणून कारखान्याला लागू आहे आणि आपल्या शाळेलाही लागू आहे असा विषय घेतो. हिवाळा येण्याआधी कामाच्या जागेची तयारी कशी करावी, हा तो विषय.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना ग्वाल्हेर म्हटले की फक्त उन्हाळा आठवतो. येथे डिसेंबर-जानेवारीत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, हे त्यांना सांगून पटत नाही. माझा मुंबईचा आतेभाऊ एकदा ऐन डिसेंबरात बिनबाह्यांचा स्वेटर घेऊन आला आणि चार दिवस आईच्या शालीत गुंडाळून बसला. आपल्याला मात्र या थंडीची सवय आहे. लश्करात गजकेची दुकाने सजली, गच्चीवर रजया उन्हात पडल्या, की घराची तयारी आपोआप सुरू होते. कामाच्या जागेची तयारी मात्र कोणी करत नाही. उन्हाळ्यात आपण कचेरीत माठ भरतो, कूलरच्या ताट्या बदलतो, पंख्यांना तेल घालतो. हिवाळ्यासाठी काय करतो? ज्याने त्याने आपापली शाल आणावी, एवढेच.

आपल्या भागातल्या कारखान्यांत नुसत्या थंडीने माणसाला इजा झाली, असे मी फार थोडे पाहिले. इजा होते ती थंडी घालवण्यासाठी माणूस जे काही करतो त्याने. ट्रकचालक पहाटे गाडी सुरू होत नाही म्हणून डिझेलच्या टाकीखाली चिंध्या पेटवतात. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, एकदा नव्हे, दर हिवाळ्यात. कँटीनमधला आचारी गॅस मंद येतो म्हणून सिलिंडर गरम पाण्याच्या टबात बसवतो. थंडीत सिलिंडरमधल्या द्रवाचा वायू कमी प्रमाणात होतो आणि दाब उतरतो, हे त्याचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. उपाय मात्र जिवावर बेतणारा. लेथवर काम करणारा मुलगा आईने विणलेला मफलर गळ्यात घालून येतो आणि त्याचे टोक फिरत्या चकापासून वीतभर अंतरावर लोंबत असते. चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्या कामगाराचे कपडे अंगाबरोबर असावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात लिहिलेले होते. पण कायदा करणाऱ्यांनी आईच्या मफलरचा विचार केला नसावा. आम्ही मुलांकडून मफलर काढून घेतले नाहीत. त्याऐवजी गळा झाकणाऱ्या, बिनटोकाच्या लोकरी टोप्या आणवल्या. मफलर घरून कारखान्यापर्यंत येई आणि कपाटात राही.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

जानेवारी १९९४. शेजारच्या एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) फाटकावर दोन चौकीदार रात्रपाळीला होते. त्यांची खोली सहा फूट बाय सहा फूट, वर पत्रा, एक दार, एक खिडकी. खिडकीची काच फुटलेली, म्हणून तेथे पुठ्ठा ठोकलेला. दाराच्या फटीत पोते कोंबलेले. रात्री त्यांनी कोळशाची शेगडी बाहेर पेटवली. इकडे तिला अंगीठी म्हणतात. धूर निघून गेला, निखारे लाल झाले, मग शेगडी आत घेतली. हे त्यांनी अडाणीपणाने केले असे कोणी म्हणू नये. धूर वाईट असतो हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच तर धूर संपेपर्यंत ते बाहेर कुडकुडत थांबले. सकाळी पावणेसहाला पाळीची बस आली. हॉर्न वाजत राहिला, फाटक उघडेना. आमच्या कारखान्याकडे रुग्णवाहिका होती म्हणून आम्हाला फोन आला आणि मी तिच्याबरोबर गेलो. एकजण दाराला टेकून झोपला होता, त्याला थोडीफार हवा मिळत असावी. तो वाचला, चार दिवसांनी घरी गेला. दुसरा आधीच गेलेला होता. वय माझ्याएवढेच, बत्तीस-तेहतीस. शेगडी तेव्हाही कोमट होती.

विद्यार्थिमित्रांनो, यातले विज्ञान तुमच्या पुस्तकात आहे, पण ते पुस्तकातच राहते म्हणून पुन्हा सांगतो. कोळसा जळताना त्याला पुरेसा प्राणवायू मिळाला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कमी मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड. या दुसऱ्या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणजे छाती वरखाली होत असते, श्वास चालू असतो, पण प्राणवायू मेंदूपर्यंत पोचत नाही. आधी डोके दुखते, मग मळमळते, हातपाय जड होतात आणि गुंगी येते. खरी कपटी गोष्ट ही की दार उघडण्याची गरज कळेपर्यंत ते उघडण्याची ताकद उरत नाही. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

लालबुंद निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते. लहानपणी आम्हाला ती फार आवडायची. ती ज्योत म्हणजे हाच वायू जळत असतो. जो जळायचा राहतो तो खोलीत पसरतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका टळला, हा समज आपल्या भागात घराघरांत आहे. शेगडीजवळ पाण्याची बादली ठेवली की विषारी वायू पाणी शोषून घेते, असेही पुष्कळजण सांगतात. तसे होत नाही. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

त्या घटनेनंतर आसपासच्या सगळ्या कारखान्यांत एकच हुकूम निघाला: शेगडी बंद. फलक लागले, सह्या घेतल्या, दंड ठरला. फलकांवर माझा फारसा विश्वास नाही. पंधरा दिवसांनी रात्री दोन वाजता मी आमच्या कारखान्यात फेरी मारली तेव्हा फाटकावर शेगडी नव्हती. ती पंपघरात होती. पंपघराला खिडकीच नाही. हुकमाने शेगडी गेली नाही, ती आणखी वाईट जागी गेली. आणि त्या माणसांचे तरी काय चुकले? बाहेर तीन अंश, वारा, आणि दर अर्ध्या तासाने ट्रकसाठी लोखंडी फाटक ओढायचे. बंदी घालणारे सगळे त्या वेळी रजईत होते.

आमचे कारखाना व्यवस्थापक समंजस होते. त्यांनी फाटकावरच्या सर्वांत जुन्या माणसाला बोलावून समोर बसवले. फौजेतून निवृत्त झालेले भिंडचे सूबेदारसाहेब. मी शेजारी वही घेऊन बसलो होतो. व्यवस्थापकांनी विचारले, 'सूबेदारसाहेब, आपल्याला काय हवे ते सांगा.' सूबेदारसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'साहब, हाथ ही नहीं चलेंगे तो ताला कैसे खोलेंगे?' नंतर एकेक सांगत गेले. पहाडात असताना फौजेत बुखारी असायची, तिला धुराडे असते आणि धूर, वायू सगळे छपराबाहेर जाते. तुमच्या शेगडीला धुराडे कुठे आहे? थंडी पायांतून चढते. खोलीत सिमेंटची फरशी आहे, तिच्यावर लाकडी फळ्या टाका. खिडकीला काच लावा, म्हणजे ती बंद ठेवूनही फाटक दिसेल. खिडकी उघडी ठेवावी लागते म्हणून खोली गार होते आणि खोली गार होते म्हणून शेगडी लागते. एका माणसाला सलग आठ तास फाटकावर ठेवू नका, दोन दोन तासांनी पाळी बदला. आणि रात्री तीन वाजता चहा द्या. अकरा वाजता दिलेल्या चहाचा तीन वाजता काय उपयोग?

मी सुरक्षिततेची पुस्तके बरीच वाचली, प्रशिक्षणाला दिल्लीलाही जाऊन आलो. पण फाटकावरच्या खोलीबद्दल इतके नेमके मला कोणी सांगितले नव्हते.

त्या यादीतले जवळजवळ सगळे झाले. जुन्या पेट्यांच्या फळ्या फरशीवर बसवल्या. काच लागली. छताशी आणि जमिनीजवळ समोरासमोरच्या भिंतींत दोन झरोके पाडले, त्यांना जाळी लावली पण झाकण मुद्दाम लावले नाही, कारण झाकण असले की ते बंद होतेच. शेगडीऐवजी विजेचा हीटर भिंतीवर उंच पक्का केला, म्हणजे घोंगडी त्याच्यावर पडू नये. कोट अंगाच्या मापाने शिवले. आधी सगळ्यांना एकाच मापाचे दिले जात आणि उंच माणसांचे मनगट उघडे राही. तीनच्या चहासाठी कँटीनमधून मोठा थर्मास भरून ठेवला जाऊ लागला. चहाचा खर्च हिशेबात कोठे दाखवायचा यावर लेखा विभागात आठ दिवस खल झाला. शेवटी 'सुरक्षा साहित्य' या खात्यात तो बसला, आणि मी निवृत्त होईपर्यंत तेथेच होता. शेगडी मात्र नंतर मला आवारात दिसली नाही, पंपघरातही नाही.

हीटरबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण शेगडी गेली की लोक निश्चिंत होतात. हजार वॅटचा हीटर सुमारे साडेचार अँपिअर वीज ओढतो, दोन हजार वॅटचा जवळजवळ नऊ. साध्या पाच-सहा अँपिअरच्या प्लगवर दोन हजारांचा हीटर लावला तर प्लग काळा पडतो, वायरीला वास येतो, आणि तो वास आपण 'नवा आहे म्हणून येतो' असे म्हणून सोडून देतो. त्यात एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली राहिली तर ती गुंडाळीच तापते. जुन्या इमारतींतल्या वायरी पंखे आणि दिवे चालावेत म्हणून घातलेल्या असतात. त्या वेळी खोल्याखोल्यांत हीटर लागतील हे कोणाच्या मनात नव्हते. आपल्या शाळेची जुनी बाजू त्यातलीच. शिक्षक-खोलीत एका बोर्डावर हीटर आणि पाण्याची किटली अशी दोन्ही मी गेल्या स्नेहसंमेलनाला पाहिली. बाई रागावणार नाहीत अशी आशा आहे.

धुक्याचा विषय मोठा आहे, पण तो चालकांना आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो, म्हणून थोडक्यात. आमची बस गोला का मंदिर ओलांडून भिंड रोडला लागली की दोन्ही बाजूंना पाणी दिलेली गव्हा-मोहरीची शेते. रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की त्या ओल्या जमिनीवर पहाटे धुके दाटते, आणि सूर्य उगवल्यावरही ते लगेच जात नाही. दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की हवामान खाते त्याला दाट धुके म्हणते आणि ५० मीटरच्या खाली गेली की अति दाट. आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने बस सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला, आणि नंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे २८ मीटर, तर एकूण ४५ मीटर लागतात. दिसते ४० मीटर. म्हणजे चालक कितीही हुशार असला तरी बिनदिव्याची ट्रॉली चुकवता येणार नाही. ताशी ४० ला हेच अंतर २५ मीटरच्या आत येते. आमच्याकडे त्यावर एकच नियम केला होता: धुक्याच्या दिवशी उशिरा येणाऱ्या बसच्या चालकाला कोणी 'उशीर का' असे विचारायचे नाही, आणि त्या बसमधल्या कामगारांचा अर्धा दिवस कापायचा नाही. नियम व्यवस्थापकांच्या सहीने बसमध्ये लावला होता. चालकावर सर्वांत जास्त दडपण बसमधल्याच लोकांचे असते, हे ज्यांनी अशा बसने प्रवास केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता शाळा. विद्यार्थ्यांना शाळा ही शिकण्याची जागा वाटते, पण कितीतरी माणसांची ती कामाची जागा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने थंडीत तुमची वेळ पुढे जाते, तेव्हा फाटक उघडणाऱ्या काकांची वेळ पुढे जात नाही. मावशी तुमच्या आधी येऊन गार पाण्याने वर्ग पुसतात. फरशी वाळायला उन्हाळ्यात पाच मिनिटे लागतात, जानेवारीत अर्धा तासही पुरत नाही. जिन्यावर घसरून पडण्याचे प्रसंग हिवाळ्यात घडतात ते यामुळे. जिना आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर पुसला तर तो प्रश्न फुकटात सुटतो.

फाटकाजवळची खोली मात्र फुकटात सुटणार नाही. मी ती पाहिली आहे. दक्षिणेकडे एक छोटी खिडकी, तिला लाकडी झडप, काच नाही. झडप लावली की फाटक दिसत नाही. रात्री काका शेगडी पेटवतात का, हे मी त्यांना विचारले नाही, आणि कोणी विचारूही नये. 'नाही' असेच उत्तर येईल. विश्वस्तांना एवढेच सांगतो की हजार वॅटचा हीटर रात्री दहा तास चालला तर दहा युनिट वीज लागते. कडाक्याचे साठ दिवस धरले तर सहाशे युनिट. आपोआप बंद-चालू होणारा असेल तर त्याहून कमी. काच, फळ्या, दोन झरोके आणि स्वतंत्र वायर घालण्याचा खर्च एकदाच करायचा आहे. आणि वायरीबरोबर विजेची गळती ओळखून लगेच प्रवाह तोडणारे ३० मिलीअँपिअरचे यंत्रही बसवून घ्यावे. हा विषय दिवाळीच्या आधीच्या सभेत घ्यावा. जानेवारीच्या सभेत मंजुरी मिळाली तर कोटेशन यायला फेब्रुवारी उजाडतो आणि मग सगळेच म्हणतात, आता पुढल्या वर्षी पाहू.

पालकांसाठी घरचेही दोन शब्द. हाच वायू बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमधूनही तयार होतो; गीझर न्हाणीघराच्या बाहेर हवा. हिवाळ्यात सकाळी डोके जड असले, मळमळले, की आपण पित्त झाले किंवा थंडी लागली असे म्हणतो. पण एकाच खोलीत झोपलेल्या दोघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि खोलीत शेगडी होती, तर ते पित्त नव्हे. आधी दारे-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात 'खोलीत कोळशाची शेगडी होती' हे आवर्जून सांगा. बोटाला लावायच्या छोट्या यंत्रात अशा रुग्णाचा प्राणवायू चांगला असल्याचे दिसू शकते, कारण त्या यंत्राला प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. सांगितले तर डॉक्टर रक्त तपासतील आणि शुद्ध प्राणवायू देतील. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण तास-दीड तास. आणि बाहेर राहणाऱ्या कोणाला 'दोन घोट घेतले की ऊब येते' असे वाटत असेल, तर ती ऊब कातडीची असते. मद्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि आतली उष्णता लवकर बाहेर जाते.

मुख्याध्यापक बाईंशी बोलून मी येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेत येणार आहे. फाटकावरच्या खोलीची मापे घ्यायची आहेत आणि जुन्या बाजूच्या प्रत्येक वर्गातले प्लग मोजायचे आहेत. नववी-दहावीच्या ज्या मुलामुलींना यायचे असेल त्यांनी मीटर-टेप, वही आणि पेन्सिल घेऊन यावे, स्वेटर घालून यावे. काकांना मी आधीच सांगितले आहे. आपण त्यांच्या खोलीत बसून त्यांनाच विचारणार आहोत की काच कोणत्या बाजूला हवी. चहाचा थर्मास मी आणतो.